पुढच्या कप्प्यातली मंडळी

पारखी बाईंनी पांढरी चादर मागितली तेव्हाच धाकटीला कळलं, की या बाई आता कॅमेरे उघडणार.

नुसतं वरवर बघणाऱ्याला चादर लागत नाही. चादर लागते ती स्क्रू घरंगळू नयेत म्हणून, आणि घरंगळलेच तर दिसावेत म्हणून. आईसुद्धा अशीच चादर घालायची. फक्त ती आबा वाचनालयात गेल्यावर घालायची आणि ते यायच्या आत घडी करून ठेवायची.

"चादर धुवायला टाकलीय," धाकटी म्हणाली.

"सगळ्या?" थोरल्याने विचारलं. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. कोणी काही सांगितलं की पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून आपोआप यायचा, घरीसुद्धा.

वहिनी उठली, आतल्या कपाटातून एक चादर घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर अंथरली. चादर इस्त्रीची होती. धाकटीने तिच्या कडा सारख्या केल्या, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

आबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. खुबा मोडल्यापासून त्यांना जिना झेपत नव्हता. महिनाअखेरीला ते थोरल्याकडे राहायला जाणार होते. थोरल्याकडे लिफ्ट होती. आबांच्या काचेच्या कपाटाला मात्र तिथे जागा नव्हती, हे वहिनीने टेपने मोजून सांगितलं होतं. धाकटीही ही जागा सोडून तिच्या कामाजवळ एक खोली घेणार होती, आणि त्या खोलीत कपाट ठेवलं असतं तर धाकटी बाहेर राहिली असती. म्हणून आबांनी ठरवलं, कपाट विकायचं आणि आतले कॅमेरे दोघांत वाटायचे. "माझ्यादेखत," ते म्हणाले.

कॅमेरे म्हणजे बारकी मंडळी. घरात त्यांना दुसरं नाव नव्हतं. काड्यापेटीएवढे, काही त्याहूनही लहान. एक लायटरसारखा दिसायचा, एक घड्याळासारखा मनगटावर बांधायचा होता. त्यांना लागणारी फिल्म करंगळीच्या नखापेक्षा अरुंद, आणि ती बनणं बंद होऊन एक पिढी लोटली होती. पण फोटो काढणं हा मुद्दा कधीच नव्हता. आबा नकाशे खात्यात होते. लहान जागेत पुष्कळ काही बसवलेलं असलं की त्यांना बरं वाटायचं. कपाटात दोन कप्पे होते. पुढच्या कप्प्यातली मंडळी पाहुण्यांना दाखवायची, हातात घेऊन खटका दाबायची. मागच्या कप्प्यात त्यांचे जोडीदार, म्हणजे त्याच बनावटीचे दुसरे. आबा ते 'असू दे' म्हणून विकत घ्यायचे आणि मग त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

"वाटे कोण करणार?" आबांनी विचारलं.

या घरात दोघांत काही वाटायचं असलं की एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. आईने घालून दिलेली रीत. केकपासून गादीपर्यंत सगळं तसंच वाटलं गेलं होतं, आणि वाटे करणाऱ्याची दरवेळी फजिती झाली होती.

"धाकटी करेल," थोरला म्हणाला. "तिला यातलं कळतं."

"तुला कळत नाही म्हणून तर मॅडमना बोलावलंस ना," धाकटी म्हणाली. "आता तुला माझ्याइतकंच कळेल. तू कर."

"किंमती कळल्याशिवाय कोणीच काही करणार नाहीये," वहिनी म्हणाली. "चहा कोणाकोणाला?"

पारखी बाईंनी डोळ्याला भिंग लावलं. शांत बाई होत्या. बोलायचं असलं की हातातली वस्तू आधी खाली ठेवायच्या. आबांना ही सवय आवडली. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण खुर्चीत थोडे पुढे सरकले.

"एक आधीच सांगतो," आबा म्हणाले. "बाजारात निम्मे कॅमेरे जोडकामाचे असतात. याचं कवच, त्याचं शटर. तसला एकही माझ्या दारातून आत आलेला नाही. एकाने आणला होता एकदा. त्याला मी चहासुद्धा दिला नाही."

बाईंनी मान हलवली. पुढच्या कप्प्यातला पहिला कॅमेरा उचलला, खटका दाबून ऐकला आणि मग त्याच्या पोटाकडचे स्क्रू सोडवले. कवच उघडलं. आत बघितलं. कवचावरचा क्रमांक बघितला. पुन्हा आत बघितलं.

कॅमेरा चादरीवर ठेवून त्या म्हणाल्या, "याच बनावटीचा दुसरा आहे का?"

"मागे आहे," आबा म्हणाले. "धाकटे, दे."

धाकटीने तो दिला आणि चहा बघायला स्वयंपाकघरात गेली.

*

वहिनी भूल देणारी डॉक्टर होती. माणूस झोपेत किती खोल गेलाय हे चेहऱ्यावरून ओळखण्यात तिची वीस वर्षं गेली होती. धाकटी आत आली तेव्हा तिने गॅस बारीक केला.

"काय निघणार आहे त्यातून?"

"कशातून?"

"हे बघ, मला तुझ्या दादासारखे प्रश्न विचारायला लावू नकोस. मला ते जमत नाहीत आणि तुला आवडत नाहीत."

धाकटी कप मांडत राहिली. कप मांडून झाले तशी म्हणाली, "आतले भाग बदललेले आहेत. पुढच्या कप्प्यातल्यांचे मागच्यांत, मागच्यांचे पुढच्यांत."

"तू बदललेस?"

"आईने. मी बाजूला बसायचे."

आई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. तिच्याकडे बारीक कानशी होत्या, चिमटे होते आणि तासन् तास न हलणारे हात होते. धाकटी आता ऐकायची यंत्रं दुरुस्त करायची ती त्याच चिमट्यांनी.

"का पण?"

"आबा तेल घालायचे."

"कॅमेऱ्यांना?"

"सगळ्यालाच. बिजागऱ्या, कुलपं, शिवणयंत्र, कॅमेरे. या शटरची पाती कोरडी चालायची असतात, वहिनी. तेल लागलं की ती एकमेकांना चिकटतात. आधी आई पुसून काढायची. पण चिकटलेलं शटर आबा जोर लावून दाबायचे, मग पाती वाकायची. वाकलेलं पातं पुसून सरळ होत नाही. म्हणून ती मागच्याचं शटर काढून पुढच्यात बसवायची, आणि वाकलेलं मागच्यात ठेवून द्यायची. मागच्यांना कोणी हात लावत नव्हतं."

"आणि आबा तेल घालत राहिले."

"आईने बाटलीतलं तेल बदललं. स्पिरिट भरलं, ते उडून जातं. बाटली तपकिरी आहे, कळत नाही. आई गेल्यापासून मी भरते."

वहिनीने चहा गाळायला घेतला होता, ती थांबली. "म्हणून ते म्हणतात, हल्लीचं तेल हलकं येतं."

"हो."

"आणि बिजागऱ्या कुरकुरतात."

"हो."

वहिनीने चहा गाळून पुरा केला. तिला हसू येत होतं, पण तिने ते कामावर असल्यासारखं आत ठेवलं.

"बाई सांगतीलच," धाकटी म्हणाली. "क्रमांक जुळत नाहीत. कवचावर एक आणि आतल्या पत्र्यावर दुसरा. मग आबा विचारतील कोणी केलं. मला आईचं नाव सांगावं लागेल."

"सांग. पण तेलाचं सांगू नकोस."

धाकटीने तिच्याकडे बघितलं.

"ऐक," वहिनी म्हणाली. "पडल्यापासून त्यांना शर्टाचं वरचं बटण लागत नाही. ते मला सांगत नाहीत, बटणच नको असल्यासारखं दाखवतात. त्यांच्याजवळ आता एवढंच उरलंय, की मला यातलं कळतं. महिनाअखेर ते माझ्या घरी येणार आहेत. ज्याला रोज वाटतंय की आपणच आपल्या हातांनी वस्तूंची वाट लावली, अशा माणसाला मी चोवीस तास काय औषध देऊ? आई गेल्या. त्यांना आता बोल लागत नाही."

"मला लागतो," धाकटी म्हणाली.

ट्रे वहिनीने उचलला. धाकटीने बिस्किटं घेतली.

*

थोरल्याला कळलं होतं की काहीतरी गडबड आहे. खोटा दावा समोर आला की कागद जरा जास्तच नीट लावलेले असतात. तशी आज धाकटी चादरीच्या कडा लावत होती.

पारखी बाईंनी तोवर तीन जोड्या उघडल्या होत्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"हे कॅमेरे जोडकामाचे आहेत," त्या म्हणाल्या. "तिन्ही जोड्या. पुढचं शटर मागच्यात आहे आणि मागचं पुढच्यात."

आबांनी कानातल्या यंत्राला बोट लावलं. "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात.

"शक्य नाही," आबा म्हणाले. "घेताना मी उघडून बघितलेत. प्रत्येक."

"मग घेतल्यानंतर झालंय," थोरला म्हणाला, आणि धाकटीकडे वळला. "कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"हुकाला."

"बारीक स्क्रू कोणाला काढता येतात या घरात?"

"दादा, मी काही तुझ्याकडे दावा टाकलेला नाही."

"मी साधं विचारतोय."

"आईने केलं," धाकटी म्हणाली.

कोणी बिस्किट घेतलं नाही. थोरल्याला क्षणभर वाटलं की प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं. असं त्याला कामावर कधी वाटत नसे.

"तिने," आबा म्हणाले. "माझ्या वस्तूंना. मी घरात नसताना."

"आबा, आईने काही मुद्दाम–" थोरला म्हणू लागला.

"मुद्दामच. झोपेत कोणी स्क्रू काढत नाही." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चाळीस वर्षं मी लोकांना हे दाखवत आलो. अस्सल आहे म्हणून. ती चहा घेऊन यायची, उभी राहून ऐकायची. आणि तोंडातून अक्षर नाही."

"आईला कळलं नसेल त्यातलं," थोरला म्हणाला. तो आईला सोडवायला गेला होता. "कवळ्या बसवायची ती. याची कवळी त्याला बसली तर बसवून टाकायची, असं असेल."

"काम चांगलं आहे," पारखी बाई म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "माझ्याकडे येतात त्यांत स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतात. इथे एक ओरखडा नाही."

"पण किंमत?" थोरल्याने विचारलं.

"क्रमांक जुळत असते तर एकेक संग्राहकाकडे गेला असता. असे असताना सुट्या भागांच्या भावाने जातील."

"परत जुळवता येतील?"

"जोडीदार इथेच आहेत म्हणून येतील. वेगळे झाले की नाही."

थोरल्याने मनात सगळं नव्याने मांडलं. सकाळी तो वाटणीच्या बाजूने होता. आता वाटणी म्हणजे नुकसान होतं. "मग वाटायचेच नाहीत," तो म्हणाला. "जुळवून घेऊ, आणि सगळे एकदम विकून टाकू."

"सकाळी मी तेच म्हणत होते तेव्हा तुला आठवणी आठवत होत्या," वहिनी म्हणाली. "आणि आता मी म्हणते, आहेत तसे राहू देत."

"तुझं मत कधी बदललं?"

"चहा करताना."

आबांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. "धाकटे, तुला माहीत आहे कशाचं काय कशात आहे?"

"हो."

"सगळं?"

"हो."

"मग होतं तसं कर. आत्ता. माझ्यासमोर. तिने जे बिघडवलं ते निस्तरून मगच मी इथून जाईन."

"आबा, व्यायाम घ्यायला माणूस येईल तुमचा," वहिनी म्हणाली.

"तो माझा पाय वर करतो आणि खाली करतो. उद्या करेल."

*

धाकटीने बाईंकडून पेचकस घेतला. स्वतःचा आतल्या खोलीत होता, पण उठून गेली असती तर परत आली नसती.

पुढच्याचं शटर निघालं, मागच्याचं निघालं. दोन्ही चादरीवर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा कोणालाही फरक दिसला असता, पण आबा खुर्चीत होते आणि त्यांच्या नजरेला तेवढं लांबून दिसत नव्हतं. तिने ते त्यांना दाखवलं नाही. सांगितलंही नाही. होतं तसं कर म्हणाले होते, ती करत होती. आईने काढून ठेवलेलं शटर तिने पुढच्या कॅमेऱ्यात बसवलं, स्क्रू आवळले, कवच लावलं आणि दोन्ही कॅमेरे आबांसमोर ठेवले.

"क्रमांक जुळले," पारखी बाई म्हणाल्या.

आबांनी आधी मागचा उचलला. खटका दाबला. खट्. मग पुढचा उचलला. हा त्यांचा आवडता, पाहुण्यांना पहिला मिळायचा तो. त्यांनी खटका दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला, आणि अंगठ्याचं पेर पांढरं पडलं.

"जोर नका लावू," धाकटी म्हणाली.

"बिघडवलास."

"नाही."

"हा चालत होता."

"हो."

पारखी बाईंनी हात पुढे केला आणि आबांनी कॅमेरा दिला. त्यांनी डोळ्याला भिंग लावून कॅमेऱ्याच्या काचेतून आत बघितलं, टॉर्च लावला, कॅमेरा थोडा फिरवला. मग खाली ठेवला.

"पाती चिकटलीयेत. एक वाकलेलंही आहे. जुनं तेल आहे हे, वाळलेलं."

"आईने घातलं असेल," थोरला म्हणाला.

वहिनी चहाचे कप गोळा करायला लागली. त्यातले दोन भरलेले होते. धाकटीने पेचकस चादरीच्या कडेला सरळ रेषेत ठेवला. आता बोलायची वेळ होती. वहिनीला काही वचन दिलेलं नव्हतं, आणि आबांचा अंगठा अजून पांढरा होता. तिने चादरीची कडा पुन्हा सारखी केली. आपण कोणाला वाचवतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं.

"भिंग द्या," आबा म्हणाले.

नकाशे खात्यात आबांनी अशीच भिंगं आयुष्यभर वापरली होती. डोळ्याची खोबण अजून ते विसरली नव्हती. बाईंनी टॉर्च धरला. आत पाती दिसली, एकावर एक, आणि त्यांच्या मध्ये पिवळसर साय. सायीत धुळीचे कण होते, एक केस होता. साय कडेकडून आत सरकत गेली होती, भरतीची रेघ काढावी तशी, आणि तिची सुरुवात जिथे होती तिथे कवचाला एक बारीक फट होती. त्या फटीला तेलाच्या बाटलीची नळी बरोबर बसते. आबांना हे माहीत होतं. ती फट त्यांनीच शोधून काढली होती.

त्यांनी भिंग काढलं नाही. काढलं असतं तर चौघं दिसली असती.

"असं किती जणांचं झालं होतं?"

"पुढच्या कप्प्यातल्या सगळ्यांचं," धाकटी म्हणाली.

"आणि ती बोलली नाही."

"पहिल्यांदा बोलली होती. तुम्ही म्हणालात, यंत्र म्हटलं की तेल लागतंच."

आबांना ते आठवेना. म्हणाले असणार. अजूनही म्हणाले असते.

"मी अजून घालतो," ते भिंगातूनच म्हणाले. "मग आता का चिकटत नाहीत?"

धाकटीने वहिनीकडे बघितलं. वहिनीने कप खाली ठेवले.

"बाटलीत स्पिरिट आहे, आबा," वहिनी म्हणाली.

थोरल्याने तोंड उघडलं. त्याच्याकडे निदान चार प्रश्न होते. त्याने तोंडात बिस्किट घातलं.

आबांनी भिंग काढून चादरीवर ठेवलं. डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. त्यांनी त्या दोन कॅमेऱ्यांकडे बघितलं, एक अस्सल आणि मुका, दुसरा अस्सल आणि कधी न बघितलेला. मग मुका त्यांनी धाकटीकडे सरकवला.

"परत बसव."

"कुठलं?"

"तिने बसवलं होतं ते."

"आबा, पण मग किंमत–" थोरला म्हणाला.

"किंमत बाईंनी सांगितली. मी ऐकली. यंत्र कानात आहे."

"मग मी सुट्या भागांत धरते," पारखी बाई म्हणाल्या.

"धरा."

थोरला उठला, खिडकीपाशी गेला आणि परत आला. "आणि वाटणी?"

"जोड्या फोडायच्या नाहीत. बाकी तुम्ही बघा." आबांनी खुर्ची टेबलाकडे ओढायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. थोरल्याने मागून ढकलली.

धाकटीने कवच पुन्हा उघडलं. खिडकीतून येणारा उजेड आता आबांच्या डोक्याने अडत होता. त्यांनी बाईंच्या हातातला टॉर्च मागून घेतला आणि टेबलावरून पुढे वाकून धरला. या कामात त्यांनी आजवर कोणालाच टॉर्च धरला नव्हता, त्यामुळे तो कुठे धरायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

"जरा डावीकडे," धाकटी म्हणाली.

उजेड डावीकडे गेला आणि जास्तच गेला. परत आला. आबांचा हात कापत होता, आणि त्याबरोबर चादरीवरचा उजेडाचा गोल स्क्रूवरून सरकायचा, पुन्हा स्क्रूवर यायचा. तिने दुसरा हात टॉर्चला लावला नाही. उजेड जागेवर आला की ती अर्धा फेरा पिळायची, गेला की थांबायची.

"दिसतंय?" आबांनी विचारलं.

"दिसतंय. असाच धरा."